खिडकीभोवती उभे राहिलेले घर

आता उपचारांचा उपयोग नाही, असे सांगून डॉक्टर खाटेपासून दूर होतात, त्यानंतर त्या रुग्णाचे आणि त्याच्या माणसांचे काय होते, हा प्रश्न वैद्यकशास्त्राने फार काळ आपला मानलाच नव्हता. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लंडनमधील नामवंत रुग्णालयांतही कर्करोगाच्या अखेरच्या अवस्थेतील रुग्ण बहुधा वॉर्डाच्या एका कडेला पडून असत आणि फेरीवर आलेले डॉक्टर त्यांच्या खाटेशी फारसे रेंगाळत नसत. मॉर्फिन होते; पण ते मिळायचे वेदना असह्य होऊन रुग्णाने मागितल्यावर. त्यातही तो वारंवार मागू लागला की, व्यसन लागेल या धास्तीने हात आखडता घेतला जाई. ज्याच्या आयुष्याचे थोडेच दिवस उरले आहेत त्याला व्यसन लागण्याची काळजी वाहणारी ही व्यवस्था होती आणि तिच्यात कोणाला काही विपरीत वाटत नव्हते.

या व्यवस्थेला मुळापासून हादरा देणाऱ्या डेम सिसिली साँडर्स यांची ओळख आधुनिक हॉस्पिस चळवळीच्या संस्थापक डॉक्टर अशी करून दिली जाते. ती खरी असली तरी अपुरी आहे. सिसिली प्रथम परिचारिका झाल्या, नंतर रुग्णालयातील समाजसेविका आणि सर्वांत शेवटी, चाळिशीच्या उंबरठ्यावर, डॉक्टर. त्यांच्या कार्यातील महत्त्वाच्या कल्पना तपासून पाहिल्या, तर त्यांतील बहुतेक डॉक्टरच्या खुर्चीत सुचलेल्या नाहीत, रुग्णाच्या उशाशी रात्रपाळी करताना सुचलेल्या आहेत, असे लक्षात येते.

सिसिली यांचा जन्म २२ जून १९१८ रोजी लंडनच्या उत्तरेकडील बार्नेट येथे झाला. वडील गॉर्डन साँडर्स हे जमीन-मालमत्तेच्या व्यवहारांत नाव आणि पैसा कमावलेले गृहस्थ होते. घरात कशाची उणीव नव्हती. नव्हते ते स्वास्थ्य. आईवडिलांचे पटत नसे आणि पुढे १९४५ मध्ये ते विभक्त झाले. दोन धाकट्या भावांची ही थोरली बहीण वयाच्या मानाने फार उंच आणि तितकीच बुजरी होती. चौदाव्या वर्षी तिला रोडीन या मुलींच्या प्रतिष्ठित निवासी शाळेत धाडण्यात आले. तेथे ती रमली नाही. आपण चारचौघींत बसत नाही, ही जाणीव तेथेच पक्की झाली. वगळले गेलेल्या माणसांविषयीची त्यांची ओढ याच काळातली असावी, असे मानण्यास जागा आहे.

१९३८ मध्ये त्या राज्यशास्त्र, तत्त्वज्ञान आणि अर्थशास्त्र शिकण्यासाठी ऑक्सफर्डला गेल्या. वर्षभरात महायुद्ध पेटले. जखमी सैनिकांच्या बातम्या येत असताना ग्रंथालयात बसून राहणे त्यांना जमेना. घरच्यांचा फारसा उत्साह नसताना १९४० मध्ये त्यांनी अभ्यासक्रम अर्धवट सोडला आणि लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयाशी संलग्न असलेल्या नाइटिंगेल परिचारिका विद्यालयात नाव घातले. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० मध्ये सुरू केलेली हीच ती संस्था. येथे सिसिली यांना आयुष्यात पहिल्यांदाच आपण योग्य जागी आल्याचे वाटले. बॉम्बहल्ल्यांनी सेंट थॉमसच्या इमारतींची पडझड झाली होती. औषधे तुटपुंजी होती, प्रतिजैविकांचे युग अजून उजाडायचे होते. कित्येक तरुण सैनिकांसाठी परिचारिकेकडे तिच्या हातांखेरीज आणि सहवासाखेरीज देण्याजोगे काही नसे. शुश्रूषेचे हे धडे कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हते.

हे सुख टिकले नाही. पाठीच्या जुन्या दुखण्याने उचल खाल्ली. रुग्णांना उचलणे, कूस बदलवणे, तासन् तास उभे राहणे त्यांना झेपेना. १९४४ मध्ये परिचारिका म्हणून पात्र ठरल्या, त्याच सुमारास हा व्यवसाय सोडण्याची पाळी त्यांच्यावर आली. त्या ऑक्सफर्डला परतल्या, पदवी पूर्ण केली आणि समाजसेवेची पदविका घेऊन रुग्णालयात आल्मनर, म्हणजे रुग्णांच्या घरच्या अडीअडचणी पाहणारी समाजसेविका, म्हणून रुजू झाल्या. याच सुमारास ख्रिस्ती धर्मावरील त्यांची श्रद्धा दृढ झाली. ती अखेरपर्यंत टिकली. मात्र तिचा आग्रह त्यांनी रुग्णांना कधी केला नाही.

आल्मनरचे काम वरवर कागदोपत्री वाटणारे. घरी कोण आहे, भाडे कसे भरणार, मुलांकडे कोण पाहणार, अशी विचारपूस करायची. पण त्यामुळे वॉर्डातील रुग्णामागे उभे असलेले अख्खे कुटुंब सिसिली यांना दिसू लागले. परिचारिकेला रुग्णाचे शरीर कळते, समाजसेविकेला त्याचे घर. दोन्हींची सांगड पुढे त्यांच्याच हातून व्हायची होती.

१९४७ मध्ये वॉर्डात त्यांची गाठ डेव्हिड तास्मा या रुग्णाशी पडली. तास्मा वॉर्सातून आलेला पोलिश ज्यू. लंडनमध्ये तो उपाहारगृहात वाढप्याचे काम करी. वय चाळीस, पोटात शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेला कर्करोग, आणि या अनोळखी शहरात रक्ताचे असे कोणी नाही. सिसिली त्याला भेटू लागल्या. अखेरच्या दोन महिन्यांत, दुसऱ्या रुग्णालयात त्याला हलविल्यावरही, त्या नियमाने जात राहिल्या. त्याला वेदना होत्याच, पण त्याहून जास्त बोचत होते ते आपण जगात आलो आणि कोणतीच खूण न ठेवता चाललो, हे शल्य. आपल्यासारख्यांना मरण्यापूर्वी थोडी सवड आणि थोडा निवांतपणा मिळेल असे एखादे ठिकाण असायला हवे, यावर दोघे तासन् तास बोलत. त्यातून मैत्री झाली आणि मैत्रीच्या पलीकडचेही काही झाले. फेब्रुवारी १९४८ मध्ये तास्मा गेला. जवळची ५०० पौंडांची पुंजी त्याने सिसिली यांच्या नावे ठेवली होती. त्या कधी काळी जे घर बांधतील, त्यात आपण एक खिडकी होऊन राहू, अशी त्याची इच्छा होती. घराचा अजून पत्ता नव्हता; खिडकी मात्र मिळाली होती.

पुढचे पाऊल साधे होते. बेजवॉटर भागातील सेंट ल्यूक या, गरीब मरणासन्न रुग्णांसाठी चालविलेल्या रुग्णालयात त्या संध्याकाळी स्वयंसेवक परिचारिका म्हणून जाऊ लागल्या. तेथे त्यांनी जे पाहिले ते मोठ्या रुग्णालयांत कोठेच आढळत नव्हते. तेथे वेदनाशामक औषध रुग्णाने विव्हळण्याची वाट न पाहता घड्याळाच्या ठोक्यावर, ठरावीक अंतराने, तोंडावाटे दिले जाई. आधीच्या मात्रेचा अंमल ओसरण्यापूर्वी पुढची मात्रा. त्यामुळे वेदना डोके वर काढत नसे, आणि ती येईल या भीतीने रुग्ण दिवसभर ताठरून राहत नसे. औषध तेच, बदलली होती ती वेळ. ही गोष्ट बहुतेक डॉक्टरांच्या ध्यानी आली नव्हती. ती ध्यानी येण्यासाठी दोन मात्रांमधल्या तासांत खाटेशेजारी असावे लागते.

हे सर्वांपर्यंत पोहोचवायचे तर काय करावे? सिसिली तेव्हा छातीचे शल्यविशारद नॉर्मन बॅरेट यांच्याकडे काम करीत होत्या. अन्ननलिकेच्या एका विकाराला ज्यांचे नाव मिळाले आहे, तेच हे बॅरेट. मरणासन्न रुग्णांसाठी रात्रपाळीची परिचारिका व्हावे, असा सिसिली यांचा विचार होता. बॅरेट यांनी तो खोडून काढला. मरणाऱ्या रुग्णांना सोडून जातात ते डॉक्टर, आणि परिचारिकेचे म्हणणे डॉक्टर ऐकणार नाहीत. तेव्हा वैद्यकच शिकावे, हा त्यांचा सल्ला होता. परिचारिकेच्या शब्दाला किती किंमत होती याचा हा रोखठोक हिशेब होता आणि दुर्दैवाने तो खरा होता. १९५१ मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, सिसिली सेंट थॉमसच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. आधी विज्ञान न शिकलेल्या या विद्यार्थिनीचे सहाध्यायी वयाने दहा-बारा वर्षांनी लहान होते. १९५७ मध्ये त्या डॉक्टर झाल्या.

संशोधनवृत्ती मिळवून १९५८ पासून त्या पूर्व लंडनमधील हॅकनीच्या सेंट जोसेफ हॉस्पिसमध्ये काम करू लागल्या. आयरिश जोगिणींनी १९०५ मध्ये उभारलेली ही संस्था. यावरून एक गैरसमज दूर व्हावा. मरणासन्नांसाठीचे हॉस्पिस सिसिली साँडर्स यांनी शोधून काढलेले नाही. वारीच्या वाटेवर जशा धर्मशाळा, तसे मध्ययुगीन युरोपात यात्रेकरूंच्या विसाव्यासाठी हॉस्पिस असत. पुढे फ्रान्समध्ये आणि नंतर डब्लिनमध्ये, एकोणिसाव्या शतकातच, हे नाव मरणाऱ्यांच्या आश्रयस्थानांना मिळाले. सेंट जोसेफमधील जोगिणींपाशी माया भरपूर होती. नव्हता तो वेदनेचा शास्त्रीय हिशेब. सिसिली यांनी तो आणला. औषधाच्या वेळा ठरविल्या, प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवली. सात वर्षांत हजारावर रुग्णांच्या नोंदी जमल्या. नियमित आणि मोजून दिलेल्या मॉर्फिनने रुग्ण गुंगीत जात नाहीत, मात्रा सतत वाढवत न्यावी लागत नाही, व्यसनाचा बाऊ अनाठायी आहे, हे या नोंदींवरून त्या दाखवून देऊ शकल्या.

नोंदी ठेवण्याची त्यांची रीतही निराळी होती. रुग्णांचे बोलणे त्या ध्वनिमुद्रित करीत आणि मधे न तोडता ऐकत. कोठे दुखते असे विचारल्यावर एका बाईने सुरुवात पाठीपासून केली आणि थोड्याच वेळात नवरा, मुलगा, त्यांची बुडणारी मजुरी, आपल्याला कोणी समजून घेत नाही ही भावना, असे सारेच त्या दुखण्याच्या उत्तरात सांगून टाकले. शरीराची वेदना, मनाची वेदना, कुटुंबाची आणि पैशाची विवंचना, आणि हे सारे माझ्याच वाट्याला का, हा आत्म्याचा प्रश्न, ही चार निरनिराळी दुखणी नसून एकच समग्र वेदना आहे, ही सिसिली यांची मांडणी अशा शेकडो संभाषणांतून १९६४ च्या सुमारास आकाराला आली. आज जगभरातील परिचर्या महाविद्यालयांत ती शिकविली जाते.

मात्र शोक म्हणजे काय हे त्या नोंदवहीतून शिकल्या नाहीत. १९६० मध्ये सेंट जोसेफमध्ये अँतोनी मिख्नीएविच हा दुसरा एक पोलिश रुग्ण त्यांच्या आयुष्यात आला. अखेरच्या काही आठवड्यांत दोघांना एकमेकांविषयीच्या प्रेमाची जाणीव झाली. त्या प्रेमाला एकांत मिळणे शक्य नव्हते. भोवती इतर रुग्णांच्या खाटा होत्या आणि सिसिली तेथील डॉक्टर होत्या. ऑगस्टमध्ये तो गेला. पत्नीला, मुलाला शोक करण्याचा हक्क समाज देतो. डॉक्टरने रुग्णासाठी रडायचे कोणत्या नात्याने? त्या मूकपणे कामावर जात राहिल्या. वर्ष उलटते न उलटते तोच १९६१ मध्ये वडील वारले. विद्यार्थिदशेपासून मैत्री जुळलेली एक दीर्घकाळची रुग्णही त्याच वर्षी गेली. नियोजित घराला प्रवाशांचा रक्षक संत ख्रिस्तोफर याचे नाव द्यावे, ही सूचना याच मैत्रिणीची. एकामागून एक आलेल्या या मृत्यूंनी सिसिली यांचा शोक इतका गुंतागुंतीचा झाला की, कोणासाठी रडतो आहोत हेच त्यांना उमगेना. त्यातून बाहेर यायला त्यांना काही वर्षे लागली. मृत्यूच्या दाखल्यावर सही झाली की रुग्णालयाचे काम संपते, हे त्यांना त्यानंतर कधीच पटले नाही.

घर बांधण्याचे काम याच शोकाच्या वर्षांत सुरू झाले. १९६१ मध्ये विश्वस्त संस्था नोंदली गेली. पैसा उभा करण्यासाठी सिसिली यांनी पत्रे लिहिली, दारे ठोठावली, शहरातील जुन्या व्यापारी संघांना आणि धर्मादाय निधींना गाठले. या कामात वडिलांची व्यवहारबुद्धी लेकीत पुरेपूर उतरली होती. त्या हट्टी होत्या, कडक होत्या, सहकाऱ्यांना धारेवर धरीत, हेही सांगितले पाहिजे. मवाळ स्वभावाच्या माणसाला हे घर बांधता आले असते का, याची मात्र शंका वाटते. हे घर केवळ ख्रिस्ती लोकांचे असावे की सर्वांचे, यावरही मित्रांत वाद झाले. धर्म मानणाऱ्या आणि न मानणाऱ्या प्रत्येकाला दार उघडे राहील, असे ठरले. ज्याच्या ५०० पौंडांतून आरंभ झाला तो ज्यू होता, याचा विसर त्यांना पडणे शक्य नव्हते.

दक्षिण लंडनमधील सिडनहॅम येथे जुलै १९६७ मध्ये सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू झाले. खाटा ५४. प्रवेशद्वारापाशी तास्माच्या स्मरणार्थ साध्या काचेची मोठी खिडकी. त्याच्या मृत्यूला तेव्हा एकोणीस वर्षे झाली होती.

आत काय होते हे पाहिले म्हणजे या घरामागचा विचार कळतो. कर्मचाऱ्यांच्या लहान मुलांसाठी आवारातच बालवाडी होती, त्यामुळे मुलांचा किलबिलाट रुग्णांच्या कानी पडे. वृद्धांसाठी एक स्वतंत्र निवासी कक्ष होता. बाग होती. नातवंडांना आजी-आजोबांच्या खाटेवर चढून बसायला मज्जाव नव्हता. त्या काळच्या रुग्णालयांत मुलांना वॉर्डात सहसा प्रवेशच नसे. भेटायला येणाऱ्यांना जवळजवळ दिवसभर मुभा होती. आठवड्यातील एक दिवस, सोमवारी, मात्र भेटी बंद असत. वरकरणी हा नियम निष्ठुर वाटेल. पण महिनोन् महिने रोज खाटेशी बसणाऱ्या पत्नीला एक दिवस घरी झोपावेसे वाटले, तर तिला अपराधी वाटू नये, तो निर्णय तिच्या माथी येऊ नये, यासाठी तो होता. दमलेल्या माणसांना जवळून पाहिल्यावाचून असा नियम सुचत नाही.

या घरात परिचारिकेचे स्थान मध्यवर्ती होते. औषधाची मात्रा ठरवताना तिचे निरीक्षण निर्णायक मानले जाई. तोंड कोरडे पडले असेल तर ते ओले ठेवणे, कूस बदलणे, बद्धकोष्ठाची आठवणीने चौकशी करणे, ही कामे किरकोळ समजली जात नसत; मॉर्फिन घेणाऱ्या रुग्णाच्या दृष्टीने ती तितकीच महत्त्वाची. रुग्णाने मृत्यूविषयी विचारले तर विषय न बदलता, खाटेशेजारी बसून, त्याला किती जाणून घ्यायचे आहे याचा अंदाज घेत बोलावे, अशी शिकवण होती. बसून बोलणे यावर सिसिली यांचा भर असे. उभा असलेला माणूस निघण्याच्या बेतात आहे, हे रुग्णाला लगेच कळते. मृत्यूनंतर कुटुंबाला घाईने बाहेर काढले जात नसे.

कुटुंबाची शुश्रूषा त्यानंतरही चालू राही. शोकग्रस्त विधवांचा अभ्यास केलेले मनोविकारतज्ज्ञ कॉलिन मरी पार्क्स आरंभापासून सेंट ख्रिस्तोफरशी जोडले गेले होते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली एक पद्धत बसविण्यात आली. रुग्णाच्या अखेरच्या दिवसांत परिचारिका त्याच्या माणसांना पाहत असते. कोण एकाकी आहे, कोणाचा राग आतल्या आत धुमसतो आहे, कोणावर लहान मुलांचा भार पडणार आहे, हे तिला इतरांआधी उमगते. तिने ते एका साध्या तक्त्यात नोंदवावे आणि ज्यांना दुःख पेलणार नाही असे वाटेल त्यांच्या घरी काही दिवसांनी प्रशिक्षित स्वयंसेवकांनी जावे. उपदेश करायचा नाही, सांत्वनाची ठरावीक वाक्ये बोलायची नाहीत, ऐकायचे. आपल्याकडे दहाव्या-तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेले असते. चौदाव्या दिवसापासून जी शांतता पसरते, तिची तजवीज या पद्धतीत होती.

१९६९ मध्ये परिचारिका रुग्णांच्या घरीही जाऊ लागल्या. तोपर्यंत हॉस्पिस ही एक इमारत होती. आता ती शुश्रूषेची पद्धत झाली. येल विद्यापीठाच्या परिचर्या विद्यालयाच्या प्रमुख फ्लॉरेन्स वाल्ड यांनी १९६३ मध्ये सिसिली यांचे व्याख्यान ऐकले होते. त्यांनी पुढे अधिष्ठातापद सोडले आणि १९७४ मध्ये अमेरिकेतील पहिले आधुनिक हॉस्पिस कनेक्टिकट येथे सुरू करण्यात पुढाकार घेतला. कॅनडातील शल्यविशारद बाल्फोर माउंट यांनी मॉन्ट्रियलच्या रुग्णालयात असाच विभाग काढला आणि त्याला पॅलिएटिव्ह केअर हे नाव दिले. १९८७ मध्ये ब्रिटनने या शाखेला वैद्यकातील स्वतंत्र विशेषज्ञतेचा दर्जा दिला.

सिसिली यांना मानसन्मान पुष्कळ मिळाले. १९८० मध्ये डेम हा किताब, १९८१ मध्ये टेम्पलटन पारितोषिक, १९८९ मध्ये ऑर्डर ऑफ मेरिट. इच्छामरणाच्या कायद्याला त्यांनी आयुष्यभर विरोध केला. वेदना आणि एकाकीपणा दूर झाल्यावर मरण मागणारे फार थोडे उरतात, हा त्यांचा अनुभव होता. सर्वांना तो पटला नाही आणि ब्रिटनमध्ये तो वाद त्यांच्या पश्चातही चालू राहिला.

१९६३ मध्ये एका कलादालनाच्या खिडकीत दिसलेल्या चित्रावरून त्यांची ओळख मारियन बोहुश-शिश्को या पोलिश चित्रकाराशी झाली होती. १९८० मध्ये दोघांनी विवाह केला. त्या ६१ वर्षांच्या, ते ७९ चे. मारियन यांची चित्रे सेंट ख्रिस्तोफरच्या भिंतींवर लागली. १९९५ मध्ये त्याच वास्तूत त्यांनी प्राण सोडला. दहा वर्षांनी, १४ जुलै २००५ रोजी, स्तनांच्या कर्करोगाने सिसिली साँडर्स यांचेही तेथेच निधन झाले. वय ८७. ज्या परिचारिकांनी त्यांची अखेरची शुश्रूषा केली, त्या त्यांच्याच घराच्या रीतीत घडलेल्या होत्या.

भारतातील पहिले हॉस्पिस मुंबईत, वांद्र्याला उभे राहिले. कर्करोग-शल्यविशारद डॉ. लुइस डिसूझा यांनी १९८६ मध्ये स्थापन केलेले शांती आवेदना सदन ते हेच. पुढे त्याची शाखा गोव्यात लोटलीलाही निघाली. पुण्यात वारजे येथे १९९७ मध्ये सिप्लाचे पॅलिएटिव्ह केअर केंद्र सुरू झाले. केरळात १९९३ मध्ये कालिकतला आरंभ झालेल्या कामाने तर शेजारपाजारच्या स्वयंसेवकांनाच शुश्रूषेत ओढून घेतले. पण सिसिली यांनी १९५८ मध्ये हॅकनीत हाताळलेली अडचण आपल्याकडे कायद्याच्या रूपाने उभी ठाकली. अमली पदार्थांविरुद्धच्या १९८५ च्या कायद्यानंतर मॉर्फिन बाळगण्यासाठी परवान्यांची अशी माळ लागू लागली की, अनेक रुग्णालयांनी ते ठेवणेच सोडून दिले. औषधासाठीची अफू ज्या मोजक्या देशांत कायद्याने पिकते, त्यांतील हा एक देश. आणि येथेच कर्करोगाचे रुग्ण मॉर्फिनवाचून तळमळत राहिले. संसदेने हा कायदा २०१४ मध्ये दुरुस्त केला. त्यानंतरही जिल्ह्याच्या ठिकाणी मॉर्फिनची गोळी मिळवण्यासाठी नातेवाइकांना शहराची वाट धरावी लागते.